पदकांच्या यादीत नसलेल्या मुली

हॉकीतील यशाचे श्रेय राज्य, प्रायोजक आणि प्रशिक्षक यांना मिळते. या खेळाचा रोजचा खर्च मात्र कुटुंबे उचलतात, आणि वाटेत थांबलेल्या मुलांचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो.

भारतीय हॉकीचा इतिहास आपण पदकांच्या भाषेत सांगतो. १९२८ ते १९८० या काळातील आठ ऑलिम्पिक सुवर्णपदके, त्यानंतरचा चार दशकांचा दुष्काळ, ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोक्योत जर्मनीला ५-४ असे हरवून मिळालेले कांस्यपदक आणि २०२४ मध्ये पॅरिसला स्पेनवर २-१ अशी मात करून त्याची झालेली पुनरावृत्ती. मुलींच्या वाट्याला टोक्योत चौथे स्थान आले. पॅरिसला तर त्या पोहोचूच शकल्या नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये रांचीतील पात्रता स्पर्धेत जपानने त्यांना ०-१ असे हरवले आणि दार बंद झाले. हा इतिहास खराच आहे, पण तो प्रेक्षकांच्या गॅलरीतून पाहिलेला. गेली पाच वर्षे मी तो कुंपणाच्या जाळीतून पाहते आहे. माझी धाकटी मुलगी पंधरा वर्षांची आहे, ती राउरकेलात हॉकी खेळते आणि आमच्या घरातले घड्याळ, स्वयंपाकघर, सुट्ट्या व महिनाअखेरची शिल्लक हे सारे तिच्या सरावाच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. एखाद्या गोष्टीची किंमत नेमके कोण मोजतो, हे विचारण्याची सवय या विषयाने लावली. हॉकीबाबत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मैदान सरकार बांधते, स्पर्धा महासंघ भरवतो, जर्सीवर प्रायोजकाचे नाव झळकते; त्यामुळे खर्चाची बाजू तिथेच संपली असे वाटते. प्रत्यक्षात राष्ट्रीय संघात पोहोचणाऱ्या प्रत्येक मुलीमागे आठ-दहा वर्षांचा काळ असतो आणि त्या काळातील मुख्य गुंतवणूकदार तिचे घर असते. ही गुंतवणूक फळाला आली नाही तर पुढे काय, याचे उत्तर कोणत्याही योजनेच्या कागदावर सापडत नाही.

बोकडापासून टर्फपर्यंत

ओडिशातील सुंदरगढ जिल्हा आणि त्याला लागून असलेला झारखंडचा सिमडेगा जिल्हा हे आजच्या भारतीय हॉकीचे माहेर. दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास हे दोन आंतरराष्ट्रीय खेळाडू सुंदरगढमधल्या सौनामारा या एकाच गावातले. चारशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले तिर्की २०२२ पासून हॉकी इंडियाचे अध्यक्ष आहेत. सलीमा टेटे सिमडेग्याची, निक्की प्रधान शेजारच्या खुंटीची, दीप ग्रेस एक्का सुंदरगढची. मिशनच्या शाळांनी हा खेळ इथे आणला आणि मुंडा, उरांव, खडिया समाजांनी तो आपलासा केला. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमधील भारतीय संघाचे कर्णधार आणि पुढे संविधान सभेचे सदस्य झालेले जयपाल सिंह मुंडा याच मुलखातले. हॉकीची अशी घरे देशात आणखीही होती. पंजाबातले संसारपूर, भोपाळ, झाशी, हरियाणातले शाहाबाद, पुण्याजवळची खडकी. कुठे छावणी, कुठे रेल्वेची वसाहत, कुठे मिशनची शाळा; पण सगळीकडे रचना एकच होती. खेळ घराच्या दारात होता.

आमच्या भागात आजही धान कापून झाले की मोकळ्या शेतांत ‘खस्सी’ स्पर्धा भरतात. विजेत्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो आणि संध्याकाळी तो सारे मिळून खातात. मुले बांबूच्या किंवा झाडाच्या वाकड्या फांदीच्या काठ्यांनी खेळत मोठी होतात. या खेळाला ना फी लागते ना प्रवास, आणि आईवडिलांना एका दिवसाची मजुरीही बुडवावी लागत नाही. खेळ आणि घर यांच्यात अंतरच नसते.

हे अंतर कृत्रिम मैदानाने निर्माण केले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून मोठ्या स्पर्धा कृत्रिम पृष्ठभागावर होऊ लागल्या. त्याच वर्षी भारत सातव्या क्रमांकावर घसरला. या बदलाने भारताच्या कलात्मक हॉकीचे काय झाले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. घरांचे काय झाले, यावर फारसे कोणी लिहिले नाही. चेंडू टर्फवर वेगाने जातो म्हणून काठी बदलली. लाकडाच्या जागी कार्बन तंतूंची काठी आली. बूट बदलले. टर्फ बांधायला कोट्यवधी रुपये लागतात आणि खेळण्यापूर्वी त्यावर हजारो लिटर पाणी मारावे लागते, म्हणून ते शहरातच झाले. गवतावर उत्तम खेळणारी मुलगी टर्फवर नवखी ठरू लागली आणि तिला टर्फपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी आपोआप तिच्या घरावर येऊन पडली.

ओडिशा सरकारने या बाबतीत इतर राज्यांपेक्षा खूपच जास्त केले, हे मोकळेपणाने सांगायला हवे. २०१८ पासून हे राज्य राष्ट्रीय संघांचे प्रायोजक आहे. राउरकेलात वीस हजारांहून अधिक आसनांचे बिरसा मुंडा स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथे विश्वचषकाचे सामने झाले. सुंदरगढच्या सतराही ब्लॉकमध्ये प्रत्येकी एक टर्फ बांधण्याचे काम राज्याने हाती घेतले. माझी मुलगी खेळते ती या गुंतवणुकीमुळेच. तरीही टर्फ म्हणजे खेळाची जमीन झाली. त्या जमिनीवर मूल रोज उभे राहावे यासाठी जे लागते ते अजून मोजलेच गेलेले नाही.

एका घराचा ताळेबंद

आमचे घर पहाटे साडेचारला उठते. रात्री भिजवलेले चणे आणि मोड आलेले मूग, दोन अंडी, केळे. पाचला तिचे वडील स्कूटरवर तिला मैदानावर सोडतात. सात वाजता ती परत येते, आठला शाळा, चारला पुन्हा मैदान. रात्रीचे जेवण साडेसातला आणि नऊला दिवे बंद. आमच्या घरी माझ्या सासूबाई आहेत. मुले त्यांना जेजेमा म्हणतात. त्यांनी आयुष्यभर रात्री दहाला जेवण वाढले. नातीसाठी त्यांनी ही वेळ बदलली, पण उन्हात रापलेला तिचा चेहरा पाहून त्या अजूनही हळद आणि साय घेऊन बसतात. ‘पुढे स्थळ बघायचे आहे,’ असे त्या म्हणतात, आणि मुलगी गालाला साय लावून घेत पुढच्या सामन्याची तारीख सांगते. दोघींचे त्यात बरे चालले आहे.

मोठा मुलगा बारावीत आहे. तो खेळत नाही, चित्रे काढतो. आमच्या घरात दोनच ऋतू असतात, सराव आणि स्पर्धा, असे त्याचे म्हणणे. त्याच्या शाळेतील चित्रप्रदर्शनाच्या दिवशी तिची जिल्हा निवड चाचणी होती. वडील इकडे गेले, मी तिकडे. खेळाडू मुलाच्या भावंडांनी जे सोडलेले असते त्याची कोणी नोंद ठेवत नाही. आम्ही घरात एक नियम केला आहे. सामना हरो वा जिंको, पहिले जेवण होईपर्यंत हॉकीवर कोणी बोलायचे नाही. या नियमाने आमच्या ताटांना पुन्हा ताटांची कळा आली आणि मुलाच्या चित्रांनाही जेवणाच्या गप्पांत जागा मिळाली.

पैशांचे गणित सरळ आहे. दोन काठ्या, कारण एक सामन्यातच मोडू शकते. बूट, जे वाढत्या वयात वर्षभरही पुरत नाहीत. नडगीची व दातांची संरक्षक साधने, प्रवास, फिजिओथेरपी. आम्हा दोघांना पगार आहे म्हणून हे वर्षाअखेरी जेमतेम बसते. तिच्या संघात राजगांगपूरकडच्या एका गावातली उरांव मुलगी आहे. तिचे वडील पावसाळ्यानंतर वीटभट्टीवर जातात, आई रोजंदारीवर. त्या घरात नवी काठी म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. तिची जुनी काठी माझ्या मुलीची आहे आणि माझ्या मुलीचा चेंडू अडवण्याचा जो डौल आहे तो तिच्याकडून घेतलेला आहे. या देवाणघेवाणीत जास्त कोणाला मिळाले, याविषयी मला शंका नाही.

पैशांहून मोठा खर्च वेळेचा, आणि तो बहुतांशी आईचा असतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ८८. खेळाडू मुलीचा वेगळा आहार, रोजचे मातीने माखलेले कपडे, दुखापतीनंतरचा शेक, शाळेतल्या चुकलेल्या वह्या उतरवून घेणे ही मिनिटे या २८९ मध्येच मिसळतात. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला ती मिनिटे काढताच येत नाहीत. मैदानाच्या कुंपणाबाहेर सकाळी जे पालक दिसतात ते आमच्यासारखे, पाण्याच्या बाटल्या आणि मते दोन्ही सोबत आणणारे. ‘पास दे, पास दे’ हा त्यांचा अखंड जप ऐकून प्रशिक्षकांनी एकदा शांतपणे पाटी लावली : पालकांनी जाळीपासून वीस पावले दूर थांबावे. गावाकडच्या मुलींचे पालक तिथे कधीच नसतात. त्या मुली चुकल्या तर जाळीकडे पाहत नाहीत, हा त्यांचा फायदा. जिंकल्या तरी पाहायला जाळीपलीकडे कोणी नसते.

शाळा, शरीर आणि वय

धोरणाच्या पातळीवर हा प्रश्न तीन ठिकाणी सर्वाधिक टोचतो.

पहिले ठिकाण शाळा. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेची तारीख बोर्डाच्या परीक्षेशी जुळून आली, तर सीबीएसई खेळाडूची परीक्षा वेगळ्या दिवशी घेते. ही चांगली सोय आहे, पण ती वर पोहोचलेल्यांसाठी आहे. जिल्हा व राज्य पातळीवर धडपडणारी मुलगी महिन्यातून सहा-आठ दिवस गैरहजर राहते आणि ७५ टक्के हजेरीची अट तिच्या डोक्यावर टांगलेली असते. तिला सवलत द्यायची की नाही, हे मुख्याध्यापकांच्या मर्जीवर. एका शाळेत मला ऐकायला मिळाले की मुलगी हुशार आहे, तिला हॉकीची काय गरज? दुसऱ्या शाळेतल्या एका आईला सांगण्यात आले की मुलगी हॉकी खेळते, तिला गणिताची काय गरज? दोन्ही वाक्ये एकाच समजुतीतून येतात. खेळ आणि शिक्षण हे एकाच मुलाचे दोन हक्क आहेत, ही कल्पना आपल्या शाळांत अजून रुजलेली नाही.

दुसरे ठिकाण शरीर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. याच वयात आपण त्यांच्याकडून पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत, टर्फच्या उष्णतेत, धावण्याची अपेक्षा करतो. मुलगी दमली की तिची ‘तयारी’ कमी पडली असे म्हटले जाते. हिमोग्लोबिन तपासले जात नाही. पाळीच्या दिवसांत कपडे बदलायला जागा नसणे, कुलूपबंद स्वच्छतागृह, पुरुष प्रशिक्षकाला सांगायचा संकोच या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण मुली खेळ सोडतात त्या अशा क्षुल्लक गोष्टींमुळे. सुरक्षिततेची चिंता त्याहून गडद. २०२३ मध्ये जंतरमंतरवर कुस्तीगीर मुली बसल्या होत्या, तेव्हा देशभरातल्या हजारो घरांत आईवडिलांनी एकमेकांकडे पाहिले असेल. आमच्या घरात तरी तसे झाले. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या संरक्षणासाठी धोरण आखण्याची तरतूद आहे. ते धोरण दिल्लीतल्या महासंघांच्या कार्यालयातच राहणार की ब्लॉकच्या मैदानावरील प्रत्येक मुलीला तक्रार कोणाकडे करायची त्या बाईंचे नाव माहीत असणार, यावर या कायद्याची किंमत ठरेल.

तिसरे ठिकाण वय. वयोगटाच्या स्पर्धांत खोटे वय दाखवण्याचा रोग जुना आहे, आणि त्यावर उपाय म्हणून डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवतात. उपाय गरजेचा आहे. मात्र ज्या गावांत जन्माची नोंद वेळेवर होत नव्हती तिथे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली तारीखच मुलीची जन्मतारीख होते. तिच्या हाडांनी वेगळी साक्ष दिली की ती ‘लबाड’ ठरते. खोटे बोलणारे घर आणि नोंदच नसलेले घर यांत चाचणी फरक करत नाही. तो फरक माणसांनी करायचा असतो.

सोळा जागा

ऑलिम्पिकच्या हॉकी संघात सोळा खेळाडू असतात, आणि ऑलिम्पिक चार वर्षांनी येते. एखाद्या मुलीची सर्वोत्तम वर्षे दोन ऑलिम्पिकपुरती धरली, तर एका पिढीच्या वाट्याला ३२ जागा येतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक पुन्हा त्याच चेहऱ्यांनी भरतात. सुंदरगढ आणि सिमडेगा या दोन जिल्ह्यांत आज पहाटे काठी घेऊन निघालेल्या मुली याहून कितीतरी जास्त आहेत. ज्या खेळात इतक्या कमी जागा असतात तिथे बहुसंख्य मुली कधीतरी थांबणारच. त्यांचे थांबणे हा व्यवस्थेचा अपवाद नसून तिचा नियम आहे. म्हणूनच व्यवस्थेची परीक्षा त्यांच्यावरूनच घ्यायला हवी.

वर उल्लेखलेली राजगांगपूरकडची मुलगी माझ्या मुलीपेक्षा चांगली खेळते. हे मी आई म्हणून लिहिते आहे, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. दोन वर्षांपूर्वी तिची एका निवासी केंद्रात निवड झाली होती. गावात ढोल वाजले. गेल्या हिवाळ्यात एका सामन्यात वळताना तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, तो खर्च घरावर आला नाही. पण अशा दुखापतीनंतर पुन्हा मैदानावर उतरायला नऊ महिने ते वर्ष लागते. या काळात रोज व्यायाम करून घेणारे माणूस लागते. केंद्रात खाट मर्यादित असतात. तिची खाट दुसऱ्या मुलीला मिळाली आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत काही कपडे व दोन चषक घेऊन घरी परतली. दहावीचे वर्ष केंद्राजवळच्या शाळेत सुरू होते, गावच्या शाळेत तिचे नाव नव्हते. आठ महिन्यांत तिच्यासाठी दोन स्थळे आली. तिच्या आईने दोन्ही परतवली. ‘गुडघा बरा होऊ दे,’ एवढेच ती म्हणते. सवडीच्या वेळी ही मुलगी गावातल्या लहान मुलांना काठी कशी धरायची ते शिकवते. याचे तिला कोणी पैसे देत नाही, आणि त्या मुलांतून उद्या कोणी मोठी खेळाडू झाली तर तिचे नावही कुठे येणार नाही.

यात कोणी दुष्ट नाही. प्रशिक्षकांना निकाल दाखवायचा असतो, केंद्राला खाट भरायची असते, खात्याला निधी खर्च करायचा असतो. प्रत्येकाचे काम एका वर्षाच्या चौकटीत मोजले जाते. मुलगी मात्र एका वर्षात मोठी होत नाही.

जिंकणाऱ्यांचे ओझेही घरेच वाहतात, हे विसरू नये. शाहाबादच्या राणी रामपालचे वडील गाडी ओढत. रोज अर्धा लिटर दूध आणण्याचा प्रशिक्षकांचा नियम पाळण्यासाठी ती दुधात पाणी मिसळत असे, हे तिने स्वतः सांगितले आहे. वंदना कटारियाचे वडील २०२१ च्या मे महिन्यात वारले, तेव्हा ती ऑलिम्पिकच्या सराव शिबिरात होती आणि अंत्यदर्शनाला जाऊ शकली नाही. त्याच टोक्योत तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये असे करणारी ती पहिली भारतीय महिला. उपान्त्य सामना भारत हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घराबाहेर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदवावी लागली. मुलगी देशाची असते ती जिंकेपर्यंत. हरली की तिच्या घराची होते.

काय करता येईल

केंद्र सरकारच्या ‘खेलो इंडिया’ योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांची तरतूद होती. निवडलेल्या खेळाडूंना महिना दहा हजार रुपये हातखर्च मिळतो. गरीब घरासाठी ही रक्कम मोठी आहे आणि तिने अनेक मुलींचे लग्न लांबवले आहे, हे मी जवळून पाहिले आहे. रेल्वे आणि पोलीस दलातील नोकऱ्यांचे आकर्षण तर हॉकीचा खरा कणा; आमच्या भागात ‘हॉकी खेळून काय मिळते?’ या प्रश्नाचे उत्तर ‘रेल्वे’ असे एका शब्दात मिळते. जानेवारी २०२५ मध्ये रांचीत महिलांची हॉकी इंडिया लीग प्रथमच झाली. मुलांचे आठ संघ होते, मुलींचे चार. पण सुरुवात झाली आणि पहिले विजेतेपद ओडिशाच्या संघाने पटकावले. पैसा नाही, अशी सबब आता पूर्वीइतकी चालणार नाही. प्रश्न तो कोणत्या वळणावर खर्च होतो याचा आहे. माझ्या मते पाच गोष्टी मोठ्या निधीविना करता येतील.

एक, प्रत्येक निवासी केंद्राने दाखल झालेल्या मुलांची पाच वर्षांनंतरची स्थिती जाहीर करावी : किती खेळत आहेत, किती बारावी झाली, किती नोकरीत, कितींची लग्ने अठराच्या आत झाली. पदकांची यादी आपण छापतोच. ही दुसरी यादीही छापावी. दोन, सरावात किंवा सामन्यात दुखापत झालेल्या मुलाची जागा एक वर्ष राखून ठेवावी आणि पुनर्वसन पूर्ण होईपर्यंत त्याची जबाबदारी केंद्राने सोडू नये. तीन, निवासी केंद्रातील मुलीचे नाव तिच्या मूळ शाळेतून कापू नये. परतीचा रस्ता कागदावर उघडा राहावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही संस्था आपल्याकडे आहेच, पण पुस्तके देऊन शिक्षण होत नाही. केंद्रात संध्याकाळी शिकवायला शिक्षक हवेत. चार, कमी उत्पन्नाच्या आईवडिलांना वर्षातून किमान दोनदा मुलीला भेटायला जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळावी. ज्या मुलीला तिची आई येऊन पाहते, तिच्याशी कोणी वावगे वागताना दोनदा विचार करतो. सुरक्षिततेचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. पाच, ‘खेलो इंडिया’च्या छोट्या केंद्रांत प्रशिक्षक म्हणून माजी विजेत्या खेळाडूंना संधी दिली जाते. हे दार सतराव्या वर्षी थांबलेल्या, पदक न मिळालेल्या मुलींसाठीही उघडावे. छोटे प्रशिक्षण, छोटे मानधन आणि गावातले मैदान. स्त्री प्रशिक्षकांची जी उणीव आज सर्वत्र जाणवते, ती भरून काढणाऱ्या मुली आपल्याकडे आहेत. आपण त्यांना घरी पाठवले आहे, इतकेच.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. इतकी काळजी घेत बसलो तर विजेते कसे घडणार. खडतरपणातूनच खेळाडू तयार होतो, असे म्हणतात. सिमडेग्याच्या मुली खडतरपणातून आल्या हे खरे, पण त्यांच्या यशाचे कारण खडतरपणा हे नव्हे. त्यांच्या गावात प्रत्येक मुलाच्या हाती काठी होती आणि खेळ सोडला तरी गाव तुटत नव्हते, हे त्याचे कारण. जिथे थांबणाऱ्याला जागा असते तिथेच पुष्कळ जण धावायला तयार होतात. कोणतेही घर आपले मूल अशा रस्त्यावर पाठवताना हात आखडता घेते ज्याला परतीची वाट नाही. आणि ज्या घरांकडे गमावण्यासारखे सर्वात कमी आहे, त्यांचीच मुले अखेर त्या रस्त्यावर उरतात. हा प्रतिभेचा शोध म्हणता येणार नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये माझ्या मुलीचीही एका निवासी केंद्रासाठी निवड झाली. पत्र आले त्या रात्री जेवणाचा नियम कोणी पाळला नाही. जेजेमांनी विचारले, तिथे भात कसा असतो? भावाने विचारले, तिची खोली मला मिळेल का? तिच्या वडिलांनी रेल्वेचे वेळापत्रक काढले. तिने एकच विचारले : ‘बोउ, नाही जमले तर परत येता येते ना?’ मी हो म्हटले. मला ते म्हणता आले, कारण आम्हा दोघांना पगार आहे, तिची शाळा चार गल्ल्यांवर आहे, मुख्याध्यापकांशी भांडायला मला वेळ आणि भाषा दोन्ही आहे, आणि तिचे अंथरूण इथे कोणी गुंडाळणार नाही. जूनमध्ये ती जाईल.

राजगांगपूरकडच्या त्या आईलाही तिच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी कदाचित हेच विचारले असेल. तिनेही हो म्हटले असेल, कारण आई दुसरे काय म्हणणार? फरक एवढाच की माझ्या शब्दामागे एक घर उभे आहे आणि तिच्या शब्दामागे एखादे राज्य उभे असायला हवे होते. २०३६ चे ऑलिम्पिक आपल्या भूमीवर भरवण्याची आकांक्षा देशाने जाहीर केली आहे. त्या संघात खेळू शकतील अशा मुली आज सात-आठ वर्षांच्या असतील आणि कापलेल्या धानाच्या शेतात बांबूच्या काठीने चेंडू ढकलत असतील. त्यांच्यातल्या सोळा जणींची नावे आपल्याला पाठ होतील. बाकीच्यांना परत येता येते ना, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आपल्याकडे अजून दहा वर्षे आहेत.

(लेखिका राउरकेला येथे अर्थशास्त्राच्या प्राध्यापक आहेत.)